खोकला आला तर त्याच दिवशी

नई जिंदगी, सोलापूर
१८ जानेवारी २०२५

ति. भाई यांस,
धाकट्या सुगराचा शि. सा. सलाम, वि. वि.

तू पाठवलेला केळीचा घड एजाजच्या ओळखीच्या टेम्पोवाल्याने दारात आणून ठेवला. अर्धा मी शेजारी वाटला, कारण माझं खाणं आता चिमणीएवढं झालं आहे. का ते पुढे लिहिते. आधी पाणी पिऊन घे.

सहा वर्षांपूर्वी छातीची गाठ काढली तेव्हा आपल्याला वाटलं होतं, संपलं एकदाचं. संपलं नव्हतं. ती आता यकृतात उतरली आहे. आधीची सलाईन पुन्हा लावून पाहिली, गाठ तिला दाद देईना. म्हणून डॉक्टरबाईंनी नवीन औषध काढलं आहे. तेही सलाईनमधूनच, दर तीन आठवड्यांनी. सोमवारी पहिली झाली. गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीमुळे रिक्षा लांबून फिरवून न्यावी लागली आणि समरा वाटभर रिक्षावाल्याशी भांडत होती. पहिल्या वेळी दीड तास लावतात, थेंब थेंब, अंगावर काही उठतं का ते बघत. काही उठलं नाही. घरी आले आणि दोन दिवस बादली जवळ घेऊन पडले.

तू विचारणारच, म्हणून सांगते. मळमळ होणार, केस जाणार, पांढऱ्या पेशी उतरल्या तर ताप येणार. हृदयाचा जोर कमी होऊ शकतो म्हणून आधी इको काढून घेतली, ती ठीक आहे. हे सगळं सोसण्यासारखं. एक गोष्ट मात्र बाईंनी खुर्ची पुढे ओढून सांगितली. या औषधाने काही जणांच्या फुफ्फुसाला सूज येते. सगळ्यांना नाही, थोड्यांना. पण आली आणि अंगावर काढली तर जिवावर बेतते. कोरडा खोकला, चालताना दम, ताप, यातलं काहीही नवीन दिसलं तर त्याच दिवशी कळवायचं, पुढच्या सलाईनची वाट बघायची नाही. समरा मान हलवत ऐकत होती. मी विचारलं, हे लागू पडलं नाही तर पुढे काय. बाई म्हणाल्या, गोळ्या आहेत, पण याच्या तोडीचं आता दुसरं काही नाही.

समरा म्हणते, मामूंना व्हिडिओ कॉल करून सांगू. केला की तू कान पुढे करतोस आणि पडद्यावर आम्हाला फक्त तुझा कान दिसतो. टॉवेलच्या कारखान्यातल्या मागांनी तो कधीच निकामी केला आहे, त्याच्याशी बोलून काय करू. कागदावर तू नीट ऐकतोस.

एजाज आणि इफ्राला दुवा. माया आहे तशी ठेव.

तुझी
सुगरा

■

कंदर, ता. करमाळा
२७ जानेवारी

चि. सुगरास,
खाजाभाईचे अनेक दुवा. वि. वि. म्हंजे काय ते तू शाळंत पोरांना शिकिवलंस, मला अजून कळलं न्हाय, पर लिवतो.

तुजं पत्र इफ्रानं आनून हातात दिलं. वाचलं आन पत्र्याखाली जाऊन बसलो. एजाजच्या दुकानात पान्याच्या मोटारी उगडून पडल्या हुत्या, धरनाचं पानी मागं सरकलं की सगळ्यांच्या मोटारी एकदमच बिगडत्यात. गिऱ्हाईक काय तरी इचारत हुतं. मी त्याला एजाजकडं बोट दाखिवलं.

एक गोस्ट मला समजंना. लिव्हर वाचवायला फुफ्फुस पनाला लावायचं, हे कसलं औषद. एजाजला इचारलं, त्यानं मोबाईलात बगितलं. तो माज्या तोंडासमोर येऊन सावकाश म्हनला, अब्बा, लाख मोलाचं औषद हाय, फुफ्फुसाचं थोड्याच लोकांना होतंय, आन लवकर कळलं तर आवरतंय. मग म्हनलं, बरं.

म्हनून सांगतो. मी एवडी वर्सं मागापाशी काडली. मालक म्हनायचा, कानात कापूस घाला. आमी हसायचो. कान एका दिवसात जात न्हायत, आज एक शब्द, उद्या एक. आपल्याला वाटतंय समोरचाच हळू बोलाय लागलाय. तसं करू नको. बाईंनी सांगितलंय ते ऐक.

उलटीवर कच्चं केळं उकडून खा. इफ्रा म्हनती अंजीर पाटवू का. पाटवतोच. लई काळजी करू नको, आमी हाय की.

तुजा भाई
खाजा

■

सोलापूर
२२ मार्च २०२५

ति. भाई यांस,
सुगराचा सलाम, वि. वि. (म्हणजे 'विनंती विशेष'. आता तरी लक्षात ठेव.)

बरेच दिवस पत्र लिहिलं नाही, कारण सलाईननंतरचा पहिला आठवडा माझा नसतो. पाण्याचासुद्धा वास येतो. केस गेले. समराने माझ्या डोक्याला हात लावून पाहिला आणि म्हणाली, अम्मी, तू नानांसारखी दिसतेस. आम्ही दोघी हसलो आणि मग ती आत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली.

यंदा रोजे नाहीत. ती खंत आहे. इफ्तारच्या वेळी समरा माझ्यासमोर बसते, मी तिला खजूर देते, तेवढंच.

पण आज तुला चांगलं सांगायला बसले आहे. स्कॅन झाला. यकृतातल्या गाठी निम्म्यावर आल्या आहेत. डॉक्टरबाई एरवी कागदावरून डोळे वर करत नाहीत, त्या हसल्या. फुफ्फुसंही स्वच्छ आहेत म्हणाल्या. बाजूच्या खुर्चीवर अक्कलकोटची मल्लव्वा असते, तिची सलाईन वेगळी, तिच्या बोटांना मुंग्या येऊन येऊन आता पोलक्याचं बटण लागत नाही. तिला मी बातमी सांगितली तर तिने बधिर हातांनी माझा गाल कुरवाळला आणि कानडीत काहीतरी म्हणाली. मी अर्थ विचारला नाही.

भाई, खरं सांगते, जानेवारीत मी मनाने सगळं आवरलं होतं. कपाटातल्या साड्या कुणाला द्यायच्या तेही ठरवलं होतं. आता हाव सुटली आहे. परवा बाजारात गेले आणि पुढच्या थंडीसाठी लोकर घेतली. हे कुणाला सांगू नकोस, दृष्ट लागते.

आंबे आले की या दोघे. इफ्राला घेऊन ये, तुझी बडबड ऐकायला कुणीतरी पाहिजे. जीव लावतोस तो असाच राहू दे.

तुझी
सुगरा

■

कंदर
१४ मे

चि. सुगरास,
दुवा.

आमी सुखरूप पोचलो. टेंभुर्णीत एसटी बदलताना आंब्याची पेटी इसरलो हुतो, कंडक्टरनं हाक मारली म्हने, मला काय ऐकू येतंय. इफ्रा पळत जाऊन घिऊन आली.

तुज्याकडं दोन दिवस लई बरं वाटलं. तू माज्याजवळ कॉटवर बसून ऱ्हायलीस, कुटं उटली न्हाईस. मला वाटलं बहिनीला भावाजवळ बसायचंय.

काल इफ्रा समोर येऊन बसली. पैला म्हनली, अब्बा, रागावनार न्हाय ना. मग सांगितलं. फूफीला खोकला हाय. कोरडा. दोनी दिवस खोकत हुती, आन जिना चढून आल्यावर भितीला हात लावून हुबी ऱ्हायची. इफ्रानं तुला इचारलं तर तू कूलरच्या गारव्याचं नाव सांगितलंस आन समराला बोलू नको म्हनालीस. पोरगी वाटंनं सगळी एसटीत गप हुती, मला वाटलं ऊन लागलंय.

सुगरा, मी तुज्या मांडीला मांडी लावून बसलो हुतो. तू माज्या बाजूला खोकत हुतीस आन मी तुला धरनातल्या मासळीच्या गोस्टी सांगत हुतो.

बाईंनी काय सांगितलं हुतं ते तूच मला लिवलं हुतंस. तुजी सलाईन सोमवारी हाय. त्याच्या आदी सांग. हे पत्र मिळालं की लगेच सांग. मी वाट बगतो.

खाजा

■

सोलापूर
२० मे २०२५

ति. भाई यांस,
सलाम, वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. काल सोमवारी मी सलाईन घेतली. नर्सने विचारलं, खोकला, दम, ताप आहे का. मी नाही म्हटलं. समरा बाजूला उभी होती, तिनेही नाही म्हटलं, कारण तिला माहीतच नाही. तिच्यासमोर मी तोंडात ओढणी धरते, फार आला तर न्हाणीघरात जाऊन नळ सोडते. सकाळी ती शाळेत सुट्टीतला संगणकाचा वर्ग घ्यायला जाते, तेवढा वेळ माझा.

तुझ्याशी खोटं बोलत नाही. खोकला एप्रिलच्या अखेरीस सुरू झाला. आधी वाटलं धुरळा असेल. मग कळलं. मी मुलांना वर्षानुवर्षं सूचना नीट वाचा म्हणून शिकवलं, मला सूचना कळत नाहीत असं नाही.

पण मी सांगितलं तर ते औषध बंद करतील. बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, फुफ्फुसाला लागलं तर हे पुन्हा देता येत नाही. भाई, या औषधाने माझ्या गाठी निम्म्या केल्या आहेत. दुसऱ्या कशानेच केल्या नव्हत्या. मला एवढंच हवं आहे की जूनच्या स्कॅनपर्यंत हे चालू राहावं. त्या आणखी उतरल्या की मी स्वतः सांगेन. इतके दिवस निभावलं, आणखी थोडे निभावेन.

आणि तू माझ्याजवळ बसून मासळीच्या गोष्टी सांगत होतास, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. ते दोन दिवस मला महिन्यात सगळ्यात सुखाचे गेले. समरा बाहेर गेली की मी तुझ्या कॉटवर येऊन बसायचे आणि पोटभर खोकायचे. तोंड दाबायला लागायचं नाही. तुझ्या चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. तू बोलत राहायचास.

इफ्रावर रागावलेली नाही. पण आता इथेच थांबव. समराला सांगू नकोस. माझ्या गळ्याची शपथ.

तुझ्या मायेवर विसंबून,
सुगरा

■

कंदर
२४ मे

सुगरास,

तुजं पत्र आत्ता मिळालं. वाचून उटलो आन एजाजला दुकानातनं बोलवून समराला फोन लावायला सांगितला. तू हे पत्र वाचशील तवर ती तुला दवाखान्यात घिऊन गेली आसंल.

शपत मोडली. तिचा जाब वर दीन.

इफ्रानं सांगितलं त्याच दिवशी फोन लावायला पायजे हुता. मी पत्र टाकलं आन वाट बगत बसलो. मला वाटलं तू शानी हाईस, सांगशील. त्यात एक सलाईन गेली तुज्या अंगात. ते माज्यावर हाय.

राग धर. पर औषद घी.

खाजा

■

सोलापूर
३ जून २०२५

आ. मामूंना,
समराचा सलाम. अम्मीच्या शिकवणीप्रमाणे आधी खुशाली लिहायची असते, ती यावेळी नाही.

एजाजभाईंचा फोन आला तेव्हा अम्मी पापडाच्या पिठाला हात लावून बसली होती. मी काही न बोलता तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. शेजारच्या काकांकडचं होतं, कोरोनात घेतलेलं. आकडा बघून मला वाटलं यंत्र बिघडलं. माझ्या बोटाला लावलं तर ते बरोबर होतं.

त्याच दिवशी तिला दाखल केलं. स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसं खालच्या बाजूने पांढरी दिसतात. डॉक्टरबाई कितीतरी वेळ त्याच्यासमोर उभ्या होत्या. मला वाटलं रागावतील. त्या हळूच म्हणाल्या, मी दर वेळी विचारत होते. मी म्हटलं, मॅडम, मीसुद्धा तिथेच उभी होते.

स्टेरॉईड शिरेतून चालू आहेत. ऑक्सिजन नळीने आहे. ताप आला म्हणून जंतुसंसर्गाचंही औषध दिलं. ती सलाईन आता पुन्हा कधीच नाही. बाई म्हणाल्या, फुफ्फुस थोडं भरून येईल, सगळं येणार नाही, घरी मशीन लागेल. यकृताचं विचारलं तर म्हणाल्या, हे सावरू दे, मग गोळ्यांचं बघू. त्यांनी 'बघू' म्हटलं की मला समजतं.

मामू, मी तिच्याच घरात झोपते. नळ चालू असायचा तेव्हा मी ओरडायचे, अम्मी, पाणी वाया जातंय.

अम्मी माझ्याशी बोलत नाही. तुमचं नाव काढलं की डोळे मिटते. शनिवारी ईद आहे, ती इथेच होईल. तुम्ही इतक्यात येऊ नका, तिला शांत होऊ द्या. तुम्ही बरोबर केलंत, हे मी तरी लिहून ठेवते.

दुवेत आठवण ठेवा.
समरा

■

सोलापूर
२८ जून २०२५

खाजाभाई यांस,
सलाम.

घरी आले आहे. उशाशी ऑक्सिजनचं मशीन आहे, त्याची नळी स्वयंपाकघरापर्यंत पोचते, बाहेरच्या दारापर्यंत पोचत नाही. स्टेरॉईडने तोंड सुजलं आहे, साखर वाढली आहे, अक्षर असं का येतं ते त्यामुळे कळेल. मी फळ्यावर लिहायचे तेव्हा शाळा तपासायला आलेले साहेब थांबून बघायचे.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. मी डॉक्टरबाईंना स्पष्ट विचारलं, मी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर औषध चालू राहिलं असतं का. त्या म्हणाल्या, नाही. स्कॅनमध्ये नुसता डाग दिसला असता आणि मला काही होत नसतं, तर थांबवून पुन्हा देता आलं असतं. खोकला आल्यावर ते बंदच करावं लागलं असतं, कुणीही कधीही सांगितलं असतं तरी. फक्त फुफ्फुस एवढं गेलं नसतं. तेव्हा थोड्या दिवसांच्या गोळ्यांनी बहुतेक भागलं असतं.

म्हणजे मी जे वाचवायला गेले ते वाचणार नव्हतंच, आणि जे वाचलं असतं ते मी घालवलं. हे मी रोज मनात उलटसुलट करून पाहते, दुसरं उत्तर येत नाही.

तुझा यात काही दोष नाही, हे मला समजतं. तरी राग तुझाच येतो. समरावर रागवावं तर ती माझं सगळं करते. डॉक्टरबाईंवर रागवावं तर त्यांनी आधीच सांगितलं होतं. उरलास तू. तुझ्या फोनपर्यंत मी अशी बाई होते जिच्या गाठी उतरत होत्या. फोननंतर तशी राहिले नाही.

गोळ्या चालू केल्या आहेत. तळव्यांची सालं निघतात. लोकर मल्लव्वाच्या सुनेला देऊन टाकली, तिला दिवस गेले आहेत.

यायचं असेल तर ये. मी बोलेन असं समजू नकोस.

सुगरा

■

सोलापूर
१९ ऑगस्ट

चि. एजाज आन इफ्रास,
अब्बाचे अनेक दुवा.

मी हितं येऊन आता महिना व्हईल. कपडे पुरतात, काळजी करू नका. दुकानाचं तू बगतोच हाईस.

फूफीचं खरं सांगतो. गोळ्यांनी काय झालं न्हाय. गाठी परत वाढल्या, पैल्यापेक्षा जास्त. डोळं पिवळं झालेत, पोटात पानी हाय, पाय सुजलेत. आडवं झोपता येत न्हाय, दम लागतो, म्हनून उशांना टेकून बसल्या बसल्या डोळा लागतो तेवडाच. बाई म्हनाल्या आता सलाईन कुटलीच न्हाय. जीव घाबरा हू नये म्हनून थेंब दिलेत, ते समरा देती. मशीनचा आवाज लई हाय म्हने. मला फकस्त हात ठेवल्यावर थरथर कळती.

तिला बोलायला दम पुरत न्हाय आन मला ऐकू येत न्हाय. तवा समोरासमोर बसूनबी आमी कागदावरच लिवतो. पैले आठ-पंधरा दिवस तिनं कायच लिवलं न्हाय. मी लिवायचो, ती बघून बाजूला ठेवायची. मग एक दिवस माज्याच कागदावर तांबड्या पेनानं शुद्धलेखन दुरुस्त करून दिलं. लई चुका हुत्या. मी ते खिशात ठेवलंय.

काल तिनं लिवून इचारलं, की परत तीच येळ आली तर फोन लावशील का.

न्हाय लिवलं आसतं तर तिला बरं वाटलं आसतं. मी व्हय लिवलं.

तिनं वाचलं. कागद माज्या हातात परत दिला आन भितीकडं तोंड करून बसली. मला वाटलं आता झालं, आता ही माज्याकडं बगायची न्हाय. मी तितंच बसलो, जानार कुटं. दिवस कलल्यावर तिनं समराला खुनंनं दोन कप च्या करायला सांगितला. तिला च्या गिळवत न्हाय. दोनी कप माज्यापुढं सरकिवले. मी एक पिलो. तिनं दुसऱ्याकडं बोट दाखिवलं. तो बी पिलो. ती बगत ऱ्हायली.

आज सकाळपासनं नुस्ती झोप हाय. हाक मारली तर पापनी हालती. समरा तिच्या पायाशी बसून हाय, ती आज शाळंत गेली न्हाय.

रविवारच्या सुट्टीची वाट बगू नका. दुकानाला कुलूप लावा आन उद्याच निगा. इफ्रानं यावंच, फूफीनं परवा तिचं नाव लिवलं हुतं. कशाला ते लिवायच्या आदीच पेन गळालं.

दुवा हायतच.

तुमचा अब्बा
खाजा